पांढऱ्या पट्ट्याचं धुराडं

पूल वाकडा आला होता.

प्रत्यक्षात नव्हे, कागदावर. नदीवरचा लोखंडी पूल सरळ आहे हे शहरातलं शेंबडं पोरसुद्धा सांगेल. या तीरावर उभं राहिलं की पलीकडचं टोक नाकासमोर दिसतं. पण मोजणीदाराने पश्चिम तीराचा ताव आणि पूर्व तीराचा ताव शेजारी शेजारी ठेवून कडा जुळवल्या, की भर नदीत पुलाच्या कमरेत लचक भरायची. अर्धा पूल एका दिशेला, अर्धा दुसऱ्या. त्या नकाशावर विसंबून कोणी गाडी हाकली असती तर ती थेट पाण्यात गेली असती.

"नाचता येईना अंगण वाकडं, हे ऐकलं होतं," मोठे साहेब म्हणाले. "मोजता येईना पूल वाकडा, हे आजच ऐकतोय."

साहेबांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याने एक भिंग कायम लटकलेलं असायचं, म्हणून कचेरीत सगळे त्यांना पाठीमागे भिंगसाहेब म्हणत. तोंडावर म्हणायची कोणाची छाती नव्हती. ते भिंग त्यांनी पुलाच्या लचकेवर धरलं, उचललं, पुन्हा धरलं, जसं काही तेवढ्यात ती बरी होणार होती. मोजणीदार हात मागे बांधून उभा राहिला आणि मनातल्या मनात त्याने पूल, नदी, साहेब आणि स्वतःचा धंदा यांना एका दमात शिव्या घातल्या.

शहराचा असा नकाशा पहिल्यांदाच होत होता. गल्ली न् गल्ली, गिरणी न् गिरणी, आणि कुठली जमीन नदीपेक्षा किती वर आहे ते दाखवणाऱ्या बारीक तपकिरी रेषा. पुढच्या साली नदीकाठी पुराची भिंत बांधायची होती आणि ती कुठून न्यायची हे या नकाशावरून ठरणार होतं. त्यामुळे नगरपालिकेला घाई. नगरपालिकेला घाई म्हणून भिंगसाहेबांना घाई, आणि भिंगसाहेबांना घाई म्हणून मोजणीदाराच्या नाकी नऊ आलेले. पण खरं सांगायचं तर सगळ्यांत जास्त घाई मोजणीदारालाच होती, आणि तिचं कारण कचेरीत नव्हतं, घरी होतं.

त्याची खोली पूर्व तीरावर, खालच्या रांगांत. खालच्या रांगा म्हणजे गिरणीकामगारांसाठी बांधलेल्या एकसारख्या खोल्यांच्या ओळी. पुढे नदी, मागे गिरणी आणि डोक्यावर धूर. कामगारांच्या वस्तीत मोजणीदार कशाला राहायला गेला, असं कोणी विचारलं तर उत्तर सोपं होतं: कचेरीच्या पगारात दुसरीकडे कुठे जागा मिळत नव्हती. त्याची बायको सकाळी पांढरं धुणं वाळत घालायची आणि दुपारी करडं काढायची. ते एक वेळ चाललं असतं. पण त्यांची पाच वर्षांची मुलगी, छकुली, गेल्या धुक्याच्या दिवसांपासून खोकत होती. साधा खोकला नव्हे; खोकून खोकून पोर निळी पडायची आणि मग बाहुली छातीशी धरून आईच्या मांडीवर निपचित पडून राहायची. डॉक्टरने छाती तपासली, औषधाची बाटली दिली, आणि निघताना दारात हळूच सांगितलं की बाटलीचा फारसा उपयोग नाही, हिला या धुरातून हलवा. पुढचे धुक्याचे दिवस हिने इथे काढता कामा नयेत.

बायको त्याच दिवशी म्हणाली होती, "मी हिला घेऊन मावशीकडे जाते. डोंगरातलं गाव आहे, हवा मोकळी आहे, मावशी एकटी आहे. कधीची बोलावतेय."

"अगं थांब," मोजणीदार म्हणाला होता. "त्याच गावात आमच्या खात्याची कचेरी आहे. एक जागा रिकामी होतेय. नकाशा पुरा झाला की बदलीच्या कागदावर सही करतो, असं साहेबांनी तोंडाने सांगितलंय. तिघं मिळूनच जाऊ. एवढा महिना कळ काढ."

त्या महिन्याला शेपूट फुटलं आणि ते वाढतच गेलं. दोघींनाच पुढे पाठवायचं नव्हतं याला कारणं पुष्कळ दिली गेली: प्रवास, दोन ठिकाणचा खर्च, मावशीचं वय. खरं कारण मोजणीदाराला ठाऊक होतं. कामावरून परतल्यावर कुलूप उघडून रिकाम्या खोलीत शिरायचं, हे त्याला नको होतं.

आणि आता पूल वाकडा.

चूक कुठे आहे ते शोधायला त्याने आकाशपाताळ एक केलं. आधी अंतर मोजायची साखळी तपासली. ताणून ताणून लांब झाली असेल म्हणावं, तर ती ठणठणीत. मग दुर्बिणीचे स्क्रू सैल झाले असतील म्हणून ती खोलली, पुसली, पुन्हा बसवली. दुर्बिणीचंही काही चुकत नव्हतं. मग माणसांची पाळी आली. लाल-पांढरी पट्टी हातात धरून दूरवर उभा राहणारा जो गडी होता, त्या पट्टीवाल्याला त्याने भर रस्त्यात झापलं.

"सरळ धरत होतास का पट्टी? का उभ्या उभ्या झोपा काढत होतास?"

"मोजणीदार, मी इतका सरळ उभा राहायचो, की एक कुत्रं मला खांब समजलं," पट्टीवाला म्हणाला. "पुढचं काय झालं ते सांगत नाही. बायकोने पायजमा दोनदा धुतला."

मग शाईकाका. कचेरीत बसून पेन्सिलीच्या रेषांवर शाई फिरवणारे हे गृहस्थ उन्हाळ्यातही गळ्याला मफलर गुंडाळून बसत. त्यांनी मोजणीदाराचं सगळं ऐकून घेतलं, निब पुसली, आणि म्हणाले, "तुम्ही पेन्सिलीने गाढव काढलंत तर मी शाईने घोडा कसा करणार?" त्यानंतर कितीतरी दिवस ते मोजणीदाराशी बोलले नाहीत.

सगळे कोन पुन्हा ताडून पाहिले. आता हे काम कसं चालतं तेवढं सांगायला हवं, नाहीतर त्याची तडफड कळायची नाही. शहर मोजायचं तर आधी एक खूण पक्की करावी लागते, कुठूनही दिसेल अशी. या शहरात ती खूण म्हणजे नदीकाठच्या मोठ्या गिरणीचं धुराडं. सगळ्यांत उंच, आणि गळ्याशी चुन्याचा पांढरा पट्टा. त्याची जागा कागदावर सगळ्यांत आधी ठरवली होती. मग शहरात कुठेही तिपाई मांडा, दुर्बीण त्या पांढऱ्या पट्ट्यावर लावा, आणि त्याच्या आधाराने बाकीचं सगळं मोजा. पश्चिम तीर धुक्याआधी मोजून झाला. धुक्यात चार हातांवरचंही दिसत नाही, म्हणून मोजणीदार मंडळी ते महिने कचेरीत बसून आकडेमोड करतात. धुकं उठलं तसा पूर्व तीर मोजायला घेतला. खूण तीच, पट्टा तोच, माणसंही तीच. तरी दोन तीर पुलावर येऊन एकमेकांशी भांडत होते, आणि का ते ताकास तूर लागू देत नव्हते.

एका सुट्टीच्या दिवशी, गिरण्या बंद आणि हवा स्वच्छ असताना, त्याने पुलाजवळ पुन्हा दुर्बीण लावली. त्या दिवशी छकुलीला बरं वाटत होतं, म्हणून तिलाही नेलं. तिला उचलून दुर्बिणीला डोळा लावायला दिला.

"बाबा! माणसं पाय वर करून चालतायत!"

मोजणीच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. ज्यांचं पोट तिच्यावर आहे त्यांना त्याचं काही वाटेनासं होतं. आकडेसुद्धा उलटेच वाचायची सवय लागते. पण छकुलीला हसू आवरेना. नदी वर, आकाश खाली, आणि पुलावरून एक बाई डोक्यावरचं गाठोडं खाली लटकवून चाललेली.

"मी आणि आई पण तुम्हाला उलट्याच दिसतो?"

"दुर्बिणीतून बघितलं तर उलट्याच."

"मग तुम्हाला कसं कळतं सरळ काय ते?"

या प्रश्नाला मोजणीदाराकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात तिच्या हसण्याचा खोकला झाला आणि तो तिला कडेवर घेऊन घराकडे पळाला. तो दिवसही फुकट गेला.

शेवटी भिंगसाहेबांनीच तोड काढली.

"चूक वाटून टाका," ते म्हणाले.

हीही या धंद्याची रीत. मोजणी कितीही जपून करा, शेवटी केसभर फरक उरतोच. तो एका जागी ठेवला तर डोळ्यांत भरतो. म्हणून थोडा या गल्लीत, थोडा त्या वळणात असा वाटून टाकतात आणि कोणाला काही कळत नाही. केसभर असेल तर त्यात पापही नाही. पण हा फरक केसभर नव्हता. कागदावरचा एक केस म्हणजे जमिनीवरचा एक बोळ, आणि हा तर जाडजूड झुबका होता.

"वाटायची कुठे, साहेब?"

भिंगसाहेबांनी भिंग पूर्व तीरावर फिरवलं. "गिरण्यांना हात लावू नका. हद्द बोटभर हलली तर मालक वकील घेऊन येतील. गोदामं राहू द्या. देवळं, शाळा नकोच." भिंग थांबलं. "इथे. या खालच्या रांगांत. इथलं कोण नकाशा उघडून बघणार आहे?"

"मी तिथे राहतो, साहेब."

"मग तुम्हीच आहात ना, तक्रार कोण करणार?" साहेब हसले, आणि मग हसू आवरून म्हणाले, "महिनाअखेर ताव माझ्या टेबलावर सहीसकट आला, तर डोंगरातली जागा तुमची. नाही आला तर ती मला अडकवून ठेवता येणार नाही. मुलीचं बघा."

मोजणीदाराने मुलीचं बघितलं. निमूटपणे रबर घेतलं आणि खालच्या रांगा थोड्या थोड्या करून पश्चिमेकडे सरकवल्या. पहिली रांग, दुसरी रांग, पाण्याचा नळ, त्याच्या खोलीची रांग. पुलाची लचक हळूहळू उतरली आणि पूल सरळ झाला. त्याला आनंद व्हायला हवा होता. त्याऐवजी दाताखाली खडा यावा तसं त्याचं तोंड झालं.

एक कच्ची प्रत तो घरी घेऊन आला. बायको चुलीपाशी होती. हात पुसून तिने कागद उजेडात धरला.

"यात आपलं घर कुठलं?"

त्याने बोट ठेवलं. बायकोने वाकून बघितलं. बोटाखाली निळा रंग होता.

"हे तर पाणी."

"काठ आहे तो. अगदी काठावर येतं."

"काठावर कुठलं, दोन खोल्या पाण्यात उभ्या आहेत. तरीच म्हटलं पोरीचा खोकला का जात नाही. पाय ओले ना तिचे." मग तिने त्याच्याकडे रोखून बघितलं. "पूल तुमचा चुकला आणि बुडवलं आम्हाला. वड्याचं तेल वांग्यावर. शेजारच्या आजी काय म्हणतील, त्यांची तर पूर्ण रांग वाहून गेलीय."

"नुसता कागद आहे गं तो."

"भिंत कागद बघूनच बांधणार ना? पाण्यात उभ्या असलेल्या घरांना भिंतीच्या आत कोण घेईल?"

मोजणीदाराने कागदाची गुंडाळी केली. पलीकडे छकुली खोकायला लागली आणि बोलणं तिथेच थांबलं. त्या खोकल्यापुढे शेजारच्या आजी, भिंत, नगरपालिका, सगळं त्याला दुय्यम वाटलं. सही करायची असं त्याने मनाशी ठरवून टाकलं.

सहीच्या आदल्या दिवशी एक फुटकळ काम उरलं होतं. भिंगसाहेबांच्या नजरेला आलं की धुराड्याच्या खुणेशेजारी त्याची उंची लिहिलेली नाही. "एवढा मोठा मानाचा खांब आणि उंची नाही? गिरणीत विचारून या," असं त्यांनी फर्मावलं. मोजणीदार वैतागला, पण गेला. गिरणीच्या फाटकातून आत शिरताना त्याच्या लक्षात आलं की ज्या धुराड्यावर त्याने आयुष्यात सगळ्यांत जास्त वेळा डोळा लावला, त्याच्या पायथ्याशी तो आज पहिल्यांदा जात होता. त्याची गरजच कधी पडली नव्हती. खूण दुरून बघायची असते.

फाटकावरचा पहारेकरी स्टुलावर बसून दात कोरत होता.

"धुराड्याची उंची किती, ठाऊक आहे?"

"कुठल्या?" पहारेकऱ्याने काडी काढली. "जुन्याच्या का नव्याच्या?"

"जुनं कुठलं?"

"ते काय."

अंगणाच्या दुसऱ्या बाजूला, कोळशाच्या वखारीशी, विटांचं एक गोल बुडखं होतं. माणसाच्या कमरेएवढं. त्यात कोळसा भरून ठेवला होता आणि कडेवर एक मांजर बसलं होतं.

"त्याला तडे गेले होते," पहारेकरी सांगत होता. त्याला वेळच वेळ होता. "मालकांनी आधीच हे नवं उभं करायला घेतलं. पुरं झालं आणि मग धुक्याच्या दिवसांत जुनं पाडलं. काय धुकं होतं राव! वरचा माणूस हाका मारायचा आणि खाली दिसायचा नाही. पांढरा पट्टा मालकांची खूण, तो नव्यालाही पहिल्याच दिवशी मारला."

मोजणीदार बुडख्याकडे बघत राहिला, मग मान वर करून नव्या धुराड्याकडे, मग पुन्हा बुडख्याकडे. धुक्याआधी त्याने जुन्याशेजारी बांधकामाची लाकडी परांची बघितली होती. इतकंच नव्हे, ती आड येते म्हणून तिला शिव्याही दिल्या होत्या. डागडुजी चालली असेल असं वाटलं होतं. पश्चिम तीर त्याने जुन्या धुराड्याला बांधला होता आणि पूर्व तीर नव्याला, आणि दोन्ही एकच समजून. साखळी बरोबर, दुर्बीण बरोबर. पट्टीवाला खांबासारखा सरळ, शाईकाकांच्या शाईत काही खोट नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तर हा कळसा काखेतही नव्हता. त्याच्या डोक्यावर धूर ओतत होता. तो बुडख्याच्या कडेवर मांजराशेजारी बसला. मांजर उठून गेलं.

त्याला स्वतःच्या मूर्खपणाचा इतका संताप आला की हसू फुटलं, आणि पहारेकरी जरा घाबरला.

चूक सापडली म्हणजे ती दुरुस्त करता येत होती. जुन्या बुडख्यापासून नव्या धुराड्यापर्यंतचं अंतर मोजायचं आणि पूर्व तीराचं सगळं पुन्हा बसवायचं. मात्र त्याला पुढच्या धुक्यापर्यंतचे सगळे दिवस लागले असते. आणि सही उद्या होती.

हे सगळं त्याने भिंगसाहेबांना सांगितलं. साहेबांनी शांतपणे ऐकलं.

"कळलं ना कारण? उत्तम. आता विसरा."

"साहेब, खालच्या रांगा पाण्यात गेल्यात. त्या भिंतीबाहेर राहतील."

"काल त्या पाण्यात नव्हत्या का? काल तुम्ही सही करणार होतात."

हे खरं होतं, आणि खरं असल्यामुळेच मोजणीदाराचे कान तापले. काल त्याला चूक कुठे आहे ते ठाऊक नव्हतं. कुठेतरी असलेली चूक कुठेतरी ढकलली तर ती कोणाचीच नसते, अशी त्याने समजूत करून घेतली होती. आज ती चूक कमरेएवढी होती, तिला विटा होत्या, तिच्यात कोळसा भरलेला होता. आणि तिच्यापायी शेजारच्या आजींच्या दारापर्यंत त्याने स्वतःच्या हाताने पाणी आणलं होतं.

"ज्याने मोजलं त्याचीच सही लागते, साहेब," तो म्हणाला. "मी करणार नाही. आणि दुसऱ्या कोणाकडून करवलीत तर मी नगरपालिकेत जाऊन त्या धुराड्याचं सांगेन."

भिंगसाहेबांनी भिंग टेबलावर आपटलं. "बसा मग मोजत! मोजा जन्मभर! पण डोंगरातली जागा आजच दुसऱ्याला जाईल, आणि मुलीला काय सांगायचं ते तुमचं तुम्ही बघा."

जागा शाईकाकांना गेली. उन्हाळ्यात मफलर बांधणाऱ्या माणसाला डोंगरात धाडलं, यावर कचेरी आठवडाभर हसली. मोजणीदाराला काही हसू आलं नाही.

त्या दिवशी घरी जाताना तो पुलावर उगाच रेंगाळला. तेलही गेलं, तूपही गेलं, आणि हातातलं धुपाटणं घेऊन आता बायकोसमोर उभं राहायचं होतं. खोलीत पाऊल टाकलं तर दाराशी ट्रंक बांधून ठेवलेली. वर छकुलीची शाल, घडी करून. उद्या सही, परवा निघायचं, या हिशेबाने बायकोने सगळी तयारी केली होती. त्याने उभ्या उभ्याच सगळं सांगून टाकलं. धुराडं, बुडखं, सही, शाईकाका.

बायकोने ट्रंकेवरची शाल उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाली, "जुनं धुराडं पाडलं हे तुम्हाला आज कळलं?"

"तुला माहीत होतं?"

"अहो, सगळ्या रांगांना माहीत आहे! विटांच्या धुळीने कित्येक दिवस बाहेर धुणं घालता आलं नाही. तुम्हाला सांगितलं होतं मी. जेवताना."

"मी काय म्हणालो?"

"'हं' म्हणालात."

मोजणीदार ट्रंकेवर बसला.

"मावशीकडे जाते म्हणाले, तेव्हाही आधी 'हं' म्हणालात आणि मग बदलीचं सुरू केलंत," बायको म्हणाली. आता तिचा आवाज चढला होता, आणि इतक्या महिन्यांचं साठलेलं सगळं त्यात होतं. "सही केली नाहीत ते बरंच केलंत. केली असती तर आजींकडे मान वर करून बघता आलं नसतं मला. पण मला एक सांगा, डोंगरातली हवा काय तुमच्या साहेबांच्या सहीने वाहते? मावशीच्या दाराला काय तुमच्या खात्याचं कुलूप आहे? पोर घुसमटतेय आणि आपण पूल सरळ व्हायची वाट बघत बसलो! तुम्ही आणि तुमच्याबरोबर मीही. तुम्ही एकटे पडाल म्हणून थांबले, ही माझी चूक. ती मात्र मी कोणाला वाटत बसणार नाही."

ती म्हणत होती ते अक्षर न् अक्षर खरं होतं, आणि ते त्याला फार पूर्वीपासून दिसत होतं, दुरून.

"ट्रंक बांधलेली आहे," ती जरा आवाज उतरवून म्हणाली. "ती मी सोडणार नाही. सुट्टीच्या दिवशी सकाळची गाडी आहे. आम्ही दोघी जातो. तुम्ही तुमचं ते निस्तरा आणि या."

"मी स्टेशनवर येतो सोडायला."

"नका येऊ. सुट्टीच्याच दिवशी धूर नसतो ना? मग एक दिवस वाया घालवू नका. एक दिवस लवकर संपलं तर एक दिवस लवकर याल. पुलावरून जाऊ तेव्हा दिसूच की तुम्हाला."

छकुली आतापर्यंत बाहुलीचे केस विंचरत सगळं ऐकत होती. तिने मान वर केली. "दुर्बिणीतून दिसू?"

"हो."

"उलट्या?"

"उलट्याच."

ती बाहुलीकडे बघत विचारात पडली.

सुट्टीच्या दिवशी सकाळी शहर ओळखू येत नव्हतं, इतकी हवा साफ होती. मोजणीदाराने पूर्व तीरावर तिपाई मांडली. पट्टीवाला समोरच्या काठावर जाऊन उभा राहिला. त्याची माफी मागून झाली होती आणि ती त्याने फार मिजाशीत स्वीकारली होती. दुर्बीण आधी पांढऱ्या पट्ट्यावर लावली, यावेळी त्या पट्ट्याचा पाय नेमका कुठे आहे ते ठाऊक असताना. मग ती हळूहळू फिरवत पट्टीवाल्याकडे न्यायची होती. मध्ये पूल आला आणि हात थांबला.

पुलाखाली आकाश होतं आणि पुलावर नदी. हमालाच्या डोक्यावरची ट्रंक खाली लोंबत होती. तिच्या मागे बायको पाय वर करून झपाझप चालत होती, नेहमीसारखी, मागे न बघता. तिचा हात धरलेली छकुली मात्र मध्येच थांबली. तिने आईचा हात सोडला, काठाशी आली, आणि कठड्याच्या गजांमधून नदीकडे, त्याच्या दिशेला वळून उभी राहिली. तिने बाहुलीचे दोन्ही पाय धरले आणि तिला डोकं खाली करून उंच धरलं.

त्या सगळ्या उलट्यापालट्या जगात, वर लटकणाऱ्या पुलावर, एक बाहुली तेवढी सरळ उभी होती.

समोरच्या काठावरून पट्टीवाला ओरडत होता. "मोजणीदार! किती आलं? वाचा की! हात भरून आला!"

मोजणीदाराला आकडा दिसत नव्हता. त्याने डोळा पुसला, पुन्हा लावला, आणि पूल मोकळा होईपर्यंत दुर्बीण तिथून हलवली नाही.